ठेव की ऋण? बचत खात्याच्या निवडीचा तौलनिक विचार

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अठरा व्यवहारपदांची गणना आहे. त्यांतील पहिले पद ऋणादानाचे आणि दुसरे निक्षेपाचे. निक्षेपाच्या विवेचनाच्या आरंभीच तो कोणाजवळ ठेवावा याविषयी मार्गदर्शन येते. असा मनुष्य कुलीन असावा, सदाचारी असावा, धर्म जाणणारा आणि खरे बोलणारा असावा, त्याचा गोतावळा मोठा असावा, तो धनवान असावा आणि सरळ वृत्तीचा असावा. आपला पैसा कोठे ठेवावा या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याला निकषांची यादी हाती देणारा भारतीय परंपरेतील हा एक प्राचीन उतारा आहे. ही यादी जन्मजात उच्चनीचता गृहीत धरते हे उघड आहे. तथापि प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने तिच्यात काय नाही हे अधिक महत्त्वाचे ठरते. तिच्यात व्याजाचा उल्लेख नाही. असण्याचे कारणही नाही, कारण निक्षेपात ठेवलेली वस्तू जशीच्या तशी परत घ्यावयाची असते. व्याजाचा विचार पहिल्या पदाच्या, म्हणजे ऋणादानाच्या कक्षेत येतो.

आधुनिक बँकेतील बचत खाते या दोहोंपैकी कोणत्या पदाखाली बसते? १८४८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फॉली विरुद्ध हिल या खटल्यात या प्रश्नाचा निकाल लावला. बँकेत भरलेला पैसा बँकेचा होतो. बँक ही खातेदाराची विश्वस्त नसून ऋणको असते. तेवढी रक्कम मागणी होताच परत करणे एवढेच तिचे बंधन. हेच तत्त्व भारतीय बँकव्यवहारातही रुजले. याचा अर्थ असा की बचत खाते उघडणारा मनुष्य व्यवहाराने दुसऱ्या पदात आहे असे समजत असला तरी कायद्याने तो पहिल्या पदात असतो. त्याने काही ‘ठेवलेले’ नसते. त्याने उसने दिलेले असते. बचत खात्यांची तुलना करून त्यांतील एक निवडणे म्हणजे वस्तुतः ऋणकोची निवड करणे होय. ही गोष्ट ठेवीदाराच्या नजरेआड राहिली, आणि ती तशी राहण्यात आपल्या भाषांचाही वाटा आहे, असे मला वाटते.

शब्दांकडे पाहावे. मराठी ‘ठेव’ आणि गुजराती ‘थापण’ हे दोन्ही शब्द ‘स्था’ धातूच्या प्रेरक रूपाशी नाते सांगतात. कन्नडमधील ‘ठेवणि’चे मराठीशी साम्य उघड आहे. तमिळमधील ‘वैप्पु’ हा शब्द ‘वै’, म्हणजे ठेवणे, या क्रियापदापासून झालेला. बंगालीने अरबी-फारसी परंपरेतील ‘आमानत’ स्वीकारला, ज्याच्या मुळाशी विश्वासाची कल्पना आहे. मल्याळममध्ये तर ‘निक्षेपम्’ हाच शब्द बँकेतील ठेवीसाठी रूढ आहे. आर्य व द्राविड भाषाकुळांतील इतके शब्द एकाच अर्थक्षेत्रात यावेत हा योगायोग नव्हे. ठेवणे, स्थापणे, सोपवणे या क्रियांत वस्तूची मालकी बदलत नाही. कर्ज दिल्याचा भाव यांपैकी एकाही शब्दात नाही. इंग्रजीतील मूळ शब्दही ‘खाली ठेवणे’ या लॅटिन क्रियेवरूनच आलेला असल्यामुळे दोष भाषांतरकारांना देता येत नाही. कायद्याने व्यवहाराचे स्वरूप बदलले, शब्द मात्र जुन्या घरातच राहिले.

या पार्श्वभूमीवर निवडीचा इतिहास पाहण्यासाठी बडोद्यासारखे दुसरे सोयीचे शहर नाही. मराठी राज्यकर्ते, मराठी-गुजराती नोकरवर्ग आणि गुजराती व्यापारी यांच्या सहवासातून घडलेल्या या राजधानीत १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ साली आला. म्हणजे ही मंडळी त्या कायद्याहून पंधरा वर्षांनी वडील. मंडळीच्या नावातच तिचे तत्त्वज्ञान आहे. ‘अन्योन्य’ संबंधात धनको आणि ऋणको हे वेगळे वर्ग नसतात. आज जो पैसे ठेवतो तोच उद्या घेतो. स्मृतिकारांनी सांगितलेला ‘मोठा गोतावळा’ येथे कुलाच्या जागी सभासदत्वाच्या रूपाने अवतरला. परस्परांना ओळखणाऱ्या माणसांची ओळख हेच तारण.

तत्पूर्वी, १ एप्रिल १८८२ पासून, टपाल बचत बँक सुरू झाली होती. तिची प्रेरणा ब्रिटनमधील १८६१ च्या टपाल बचत बँकेची, आणि त्याही मागे स्कॉटलंडमधील रुथवेल येथे हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने १८१० साली गरिबांसाठी काढलेल्या बचत बँकेची होती. काटकसर हा सद्गुण आहे आणि गरिबाला तो शिकविला पाहिजे, ही या परंपरेची भूमिका. हिंदुस्थानात तिला आणखी एक परिमाण लाभले: येथे ऋणको होते खुद्द परके सरकार. टपाल कचेरीत पैसे भरणारा कारकून नकळत साम्राज्याला कर्ज देत होता.

तिसरा पर्याय २० जुलै १९०८ रोजी उभा राहिला. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने बडोदे संस्थानच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. तिचे भरणा झालेले भांडवल दहा लाख रुपये होते. जुन्या यादीतील कुलीन, धनवान, धर्म जाणणारा हे निकष शब्दशः लावावयाचे तर या बँकेमागे उभ्या असलेल्या पुरुषाला ते सर्व लागू पडत. मात्र तिची रचना मर्यादित दायित्वाच्या भागभांडवली कंपनीची होती, आणि कंपनीला कुल नसते. १९०८ च्या सुमारास बडोद्यातील एखाद्या पगारदार गृहस्थापुढे आपली ओळखीची मंडळी, परके पण भक्कम सरकार आणि आपल्या राजाची कंपनी असे तीन मार्ग होते. यांची तुलना व्याजाच्या दराने करता येत नव्हती असे नाही. परंतु तीन मार्गांत विश्वासाचे तीन निरनिराळे प्रकार गुंतलेले होते, आणि त्यांना समान माप नव्हते. तौलनिक अभ्यासकांना ही अडचण परिचयाची आहे.

माप चुकल्यास काय होते याचे धडे मिळतच होते. सरकारचे भागभांडवल असलेली बँक ऑफ बाँबे शेअरबाजारातील १८६५ च्या कोसळीनंतर १८६८ साली गुंडाळावी लागली. १९०६ च्या ऑक्टोबरात मद्रासची प्रतिष्ठित युरोपीय पेढी आर्बथनॉट बुडाली, आणि तिच्या राखेतून व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या प्रयत्नाने १९०७ साली इंडियन बँक उभी राहिली. ‘आपली बँक’ हा स्वदेशीच्या काळातील निकष होता. परंतु १९१३ साली लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक या दोन ‘आपल्याच’ बँकाही बुडाल्या. कुलीनता परकी असो वा स्वकीय, ती ऋणकोच्या हिशोबाची जागा घेऊ शकत नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निवडीची दिशाच उलटली. ठेवीदाराने बँक शोधण्याऐवजी बँक ठेवीदाराला शोधू लागली. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९२१ साली घरगुती बचतपेटीची योजना काढली. १९२५ साली उडुपीत स्थापन झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने १९२८ साली ‘पिग्मी’ ठेव सुरू केली. दररोज दोन आण्यांइतकी अल्प रक्कम दारी येऊन गोळा करणारा प्रतिनिधी हे तिचे वैशिष्ट्य. ‘पिग्मी’ हा शब्द पुढे कानडी मुलुखातून महाराष्ट्राच्या गावोगावच्या पतसंस्थांत पोहोचला आणि ‘पिग्मीवाला’ ही बाजारपेठेतील एक परिचित व्यक्तिरेखा झाली. येथे दुकानदार बँक निवडत नाही, माणूस निवडतो. रोज ठरावीक वेळी येणारा, घरची विचारपूस करणारा हा मनुष्य म्हणजे ‘सत्यवादी’ आणि ‘सदाचारी’ या जुन्या निकषांचे चालतेबोलते रूप. त्याच्या चोपडीत टिपलेली रक्कम कोणत्या ऋणकोकडे जाते याची चौकशी सहसा होत नाही.

१९६० च्या ऑगस्टमध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बंद पडली. ज्या भाषेत ठेवीला ‘निक्षेपम्’ म्हणतात त्याच भाषेच्या प्रदेशातील ही घटना. त्याच वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली. याच्या परिणामी १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा अस्तित्वात आला. संरक्षणाची मर्यादा होती प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपये. ती १९६८ साली ५,०००, १९९३ साली एक लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली. विमा उतरविणे ही ठेव वस्तुतः कर्ज असल्याची कबुलीच होती. जे केवळ जपून ठेवले आहे त्याच्या परतफेडीची हमी द्यावी लागत नाही. तरीही या महामंडळाचे राजभाषेतील नाव ‘निक्षेप बीमा और प्रत्यय गारंटी निगम’ असेच आहे.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँकच ठरवून देत असल्यामुळे व्यापारी बँकांत तुलनेचा विषयच उरला नव्हता. जवळची शाखा, पगार जेथे जमा होतो ती बँक, ओळखीचा कारकून हे निवडीचे निकष झाले. एकच बारकावा जाणकार पाळीत. व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे. म्हणून पैसे दहाच्या आत भरावेत आणि शक्यतो महिनाअखेरपर्यंत काढू नयेत. मध्यमवर्गीय घरांच्या खर्चाची लय काही अंशी या नियमाने घडविली असावी. १ एप्रिल २०१० पासून बँकांत व्याज दररोजच्या शिलकेवर मोजले जाऊ लागले. टपाल खात्याने मात्र जुनी रीत सोडली नाही.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी दराचे नियंत्रण उठले आणि बचत खात्यांची आकड्यांनी तुलना करता येईल अशी स्थिती दीर्घ काळानंतर आली. तोवर ४ टक्के असलेला दर यस बँकेने लगेच ६ टक्क्यांवर नेला. ५ मार्च २०२० रोजी थकीत कर्जांनी खचलेल्या त्याच बँकेच्या खातेदारांवर ५०,००० रुपयांची काढण्याची मर्यादा घालावी लागली. वाढीव दराने ती बँक खचली असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि दरांच्या तक्त्यात ऋणकोच्या प्रकृतीसाठी रकाना नसतो हे यावरून दिसते. त्याआधी, २०१९ च्या सप्टेंबरात, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना प्रारंभी केवळ १,००० रुपये काढता येत होते. आमचेच पैसे आम्हांला द्या, ही त्यांची मागणी निक्षेपाच्या भाषेतील होती. त्यांना मिळालेली उत्तरे ऋणादानाच्या भाषेतील होती. २०२१ च्या दुरुस्तीने अशा प्रसंगी विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद केली.

आज दर पुन्हा उतरले आहेत. स्टेट बँकेने २०२५ च्या जूनमध्ये बचत खात्याचा दर २.५ टक्क्यांवर आणला. बँकाबँकांतील एक-दोन टक्क्यांच्या फरकापेक्षा, पाच लाखांहून अधिक शिल्लक असणाऱ्यासाठी, विम्याचा नियम कसा वाचावा हा प्रश्न अधिक वजनाचा आहे. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून असते आणि ती एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवींना एकत्रितपणे लागू होते. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागल्याने संरक्षण वाढत नाही. दोन बँकांत विभागल्याने वाढते. जागा दोन असल्या तरी पहिल्या प्रसंगी ऋणको एकच असतो. टपाल बचत बँक या विम्याच्या कक्षेत येत नाही, कारण तेथे ऋणको १८८२ प्रमाणेच सरकार आहे.