पुरुष प्राध्यापक किती? भारत आणि जपान

मंडळी, आज पेण-रोह्याच्या श्रोत्यांपुढे बोलतोय, विषय आकड्यांचा आहे, म्हणून आकडे मोजकेच घेतो. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरात सुमारे १५ लाख ९८ हजार अध्यापक मोजले गेले. त्यांत पुरुष ५६.६ टक्के, म्हणजे साधारण ९ लाख. जपानमध्ये त्याच सुमारास विद्यापीठांतले पूर्णवेळ अध्यापक १ लाख ९० हजारांच्या आसपास होते. त्यांत पुरुष साधारण १ लाख ४० हजार. आता मला सांगा, पुरुषांचं वर्चस्व कुठे जास्त?

नुसत्या संख्येवरून हे सांगता येणार नाही. एक तर आपली लोकसंख्या जपानच्या अकरा पट. दुसरं म्हणजे आपल्या आकड्यात विद्यापीठं, महाविद्यालयं, स्वतंत्र संस्था सगळं येतं. जपानचा आकडा फक्त विद्यापीठांचा. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही सांगायचो, तुलना करण्याआधी शब्द दोन्हीकडे एकाच अर्थानं वापरलाय का, ते बघा. तेव्हा प्रमाण घेऊ. आपल्याकडे शंभरात ५७ पुरुष, जपानमध्ये शंभरात ७३च्या घरात. चित्र उलटलं की नाही?

हे असं का झालं? थोडं उत्तर इतिहासात सापडतं, आणि त्या इतिहासात आपले धोंडो केशव कर्वे आहेत. तोक्योत १९०१ साली निघालेल्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये ते उभंही केलं. म्हणजे नमुना जपानचा! पण त्या जपानी संस्थेला कायद्यानं विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९४८ उजाडलं. तोक्योच्या सरकारी विद्यापीठात मुलींना प्रवेश मिळाला १९४६ साली. आपल्याकडे मुंबई विद्यापीठानं १८८३ मध्येच दार उघडलं होतं. डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८८च्या सुमारास अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना शिकवत होत्या. प्राध्यापिका व्हायला आधी विद्यार्थिनी व्हावं लागतं, एवढी साधी गोष्ट आहे ही.

पुढचा धागा तर तुमच्या रोह्याचा. रोह्याशी नातं असलेले चिंतामणराव देशमुख १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्याच काळात, १९५८-५९ मध्ये, त्यांच्या पत्नी दुर्गाबाई राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समितीच्या अध्यक्ष होत्या. उच्च शिक्षणाला पैसा कसा द्यायचा आणि मुली तिथवर का पोचत नाहीत, हे दोन्ही प्रश्न एकाच घरात होते.

तरी ५७ या आकड्यावर खूश होऊ नका. सरासरी बरंच झाकते. केरळात अध्यापकांमध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत, बिहारात पुरुष कितीतरी जास्त. शिवाय ‘अध्यापक’ या एकाच शब्दात कायम नोकरीवालाही येतो आणि तासिका तत्त्वावर, शिकवलेल्या तासांपुरते पैसे घेणाराही. पेणच्या किंवा रोह्याच्या कुठल्याही महाविद्यालयात जा आणि विचारा: कायम किती, तासिकेवर किती, आणि दोन्हीकडे बाई किती, पुरुष किती? हे चार आकडे कागदावर आले, की मग आपण जपानशी तुलना करायला बसू.

चला, आता तुमचे प्रश्न घेतो.