स्टॅफाचे खांब : पाण्याचे की आगीचे?

१/ ऑगस्ट १७७२. आइसलँडकडे निघालेला इंग्रज निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स वाटेत स्कॉटलंडच्या पश्चिमेस, हेब्रिडीज द्वीपसमूहातील स्टॅफा या चिमुकल्या बेटावर उतरला. समोर काळ्या पाषाणाचे, बहुतांशी षट्कोनी असे असंख्य खांब उभे होते आणि त्यांच्या मधोमध सुमारे ७० मीटर खोल गुहा होती. तीच आजची 'फिंगल्स केव्ह'.

२/ बेटाच्या कड्यात तीन थर दिसतात. तळाशी ज्वालामुखीच्या राखेचा खडक, मध्ये सरळ खांब आणि माथ्यावर ओबडधोबड बेसाल्ट. बँक्सचे वर्णन १७७४ साली टॉमस पेनंटच्या प्रवासग्रंथात छापले गेले आणि स्टॅफा युरोपभर गाजले.

३/ पण हे खांब घडवले कोणी? जर्मनीतील फ्रायबर्गचा विख्यात अध्यापक आब्राहाम वेर्नर म्हणे, बेसाल्ट हा आदिम महासागरात साचलेला खडक. उलट निकोला देमारे याला १७६३ मध्येच फ्रान्सच्या ओव्हेर्न प्रांतात असे खांब थंड झालेल्या लाव्हाशी जोडलेले आढळले होते.

४/ वाद केवळ एका दगडाचा नव्हता. पृथ्वीचे वय काही हजार वर्षे मानण्याचा तो काळ. स्कॉटिश विचारवंत जेम्स हटन सांगत होता की भूगर्भातील उष्णता आजही खडक घडवते आणि त्या घडणीला अथांग काळ लागतो.

५/ विरोधकांचा आक्षेप बिनतोड वाटे : दगड वितळवला तर त्याची काच होते, बेसाल्ट नव्हे! हटनचा मित्र जेम्स हॉल याने भट्टीत दगड वितळवून पाहिला. झटपट निवला तेव्हा काच झाली. सावकाश निवू दिला तेव्हा पुन्हा दगडच झाला. हे निष्कर्ष त्याने १७९८ मध्ये मांडले.

६/ पुढे वेर्नरचाच शिष्य दोब्युइसाँ ओव्हेर्नला गेला आणि डोळ्यांनी पाहिल्यावर त्याने गुरूचे मत सोडले.

७/ आज ठाऊक आहे की सुमारे ५.५ ते ६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना आकसला आणि आटलेल्या तळ्यातील चिखलासारखा भेगाळला. त्या भेगा खोल जात गेल्या आणि खांब सुटे झाले.

८/ मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल याच क्रियेने घडला आहे, दख्खनच्या लाव्हातून. इमारतींच्या गर्दीत उभा असलेला तो कडा त्याच जुन्या वादाचा साक्षीदार आहे.