सतरावा आठवडा

रिद्धपुरात वाजेश्वरीच्या देवळाच्या पायरीवर तुम्ही टेकता आणि रस्त्यावरच्या मोटारसायकली हळूहळू ऐकू येईनाशा होतात. साल १२७८ च्या आसपासचं. महानुभावांचे चक्रधर स्वामी निघून गेलेत, आठवणी माणसांपाशी उरल्यात. त्या ‘लीळाचरित्रा’साठी गोळा करणारे म्हाइंभट समोरच्याला खोदून विचारताहेत: स्वामी तेव्हा कुठं बसले होते? सोबत कोण होतं? बोलले ते नेमकं काय?

तुम्ही उठून उंबरठा ओलांडता, तर पाय पडतो मुंबईच्या परळात. १९०६ चा एप्रिल, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. गव्हर्नरचा जुना बंगला आता प्रयोगशाळा झालाय. पुढं याच वास्तूला हाफकिन संस्था म्हणतील. आवारातल्या खोपटांत गिनीपिगांचे पिंजरे टांगलेत. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातला प्राणी प्लेगनं मेला. पिसूची उडी पोचणार नाही एवढ्या उंचीवरचा मात्र पाला कुरतडतोय. प्लेग उंदराकडून येतो आणि मधे पिसू असते, हे इथं तुमच्या डोळ्यांदेखत ठरतंय. शहरात मात्र आठवड्याच्या आठवड्याला मृतांचा आकडा वहीत चढतोय. त्यातला एकेक आकडा म्हणजे कुठल्या तरी चाळीत कुणाच्या तरी काखेतली गाठ, तापात बरळणारं माणूस.

पुढचं पाऊल १९२७ मधलं, एडिंबराचं. स्फोटात डोळे गमावलेले केरमॅक आणि हिंदुस्थानात नोकरी केलेले मॅकेंड्रिक मुंबईचेच आकडे घेऊन बसलेत. माणसांचे तीन गट: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, साथीतून सुटलेले – बरे होऊन किंवा मरून. गणित सांगतं की साथ ओसरायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही. पहिला गट पुरेसा रोडावला की ती आपोआप उतरते. मुंबईच्या साथीसाठी त्यांनी काढलेली रेषा सतराव्या आठवड्यात, आठवड्याला ८९० मृत्यूंवर टेकते आणि उतरते. आजही विद्यापीठांतून साथींची प्रारूपं शिकवताना सुरुवात इथूनच होते. त्या रेषेखाली जवळजवळ ९ हजार माणसं आहेत, हे मला विसरता येत नाही. आणि समीकरणात उंदीर नाही! आपण सोपं करून मांडतोय, हे त्या दोघांनीही कबूल केलंय.

तुम्ही वाजेश्वरीला परतता. म्हाइंभटांना परळातलं सगळं सांगता. ते ऐकून घेतात, लेखणी थांबवतात.

“तो वाचला म्हणता, त्याचा पिंजरा जमिनीपासून किती उंच होता?”