‘पेट साउंड्स’ आणि तिचे दोन देशांतील स्वागत

कॅलिफोर्नियातील ‘बीच बॉइज’ या गायकवृंदाची ‘पेट साउंड्स’ ही दीर्घ ध्वनिमुद्रिका कॅपिटॉल कंपनीने १६ मे १९६६ रोजी प्रसिद्ध केली. अमेरिकेत ती पडली व ब्रिटनने तिला उचलून धरले, असे सर्रास लिहिले जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. अमेरिकेच्या विक्रीक्रमात ती १० व्या स्थानापर्यंत चढली होती, ब्रिटनमध्ये २ ऱ्या. दहावे स्थान म्हणजे अपयश नव्हे. मग ते अपयश कोणाला वाटले आणि का, हा खरा प्रश्न होय.

या वृंदाच्या नावाशी समुद्राच्या लाटा, मोटारी आणि उन्हाळ्याची सुटी यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली होती. डिसेंबर १९६४ मध्ये विमानप्रवासात मनाचा तोल ढळल्यानंतर ब्रायन विल्सन यांनी दौरे सोडले व ते ध्वनिमुद्रणगृहातच रमले. जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या टोनी अ‍ॅशर यांच्या साहाय्याने त्यांनी बहुतेक गीते रचली; त्यांत तारुण्याच्या उंबरठ्यावरील साशंकता आहे. एका गीतातील ‘ईगो’ या शब्दाला सहगायक माइक लव्ह यांनी हरकत घेतली. त्या काळी त्या शब्दाला मादक द्रव्यांचा वास येत असे. अखेर ध्रुवपद बदलण्यात आले. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा प्रसंग लहान नाही : श्रोत्यांची नाराजी प्रकट होण्यापूर्वीच ती वृंदात प्रतिध्वनित झाली होती.

शीर्षकही द्व्यर्थी आहे. ‘पेट’ म्हणजे पाळीव आणि ‘पेट’ म्हणजे लाडका. (मराठीत हा श्लेष एका शब्दात साधत नाही.) वेष्टनावर मात प्राणिसंग्रहालयात शेळ्यांना चारा घालणारे गायक दिसतात, म्हणजे पहिल्या अर्थानेच बाजी मारली.

कंपनीची वर्तणूक याहून बोलकी आहे. दोन महिन्यांतच, जुलै १९६६ मध्ये, तिने वृंदाच्या जुन्या लोकप्रिय गीतांचा संग्रह बाजारात आणला. नव्या ध्वनिमुद्रिकेला तिच्याच घरात स्पर्धक उभा राहिला. उलट मे महिन्यात वृंदातील ब्रूस जॉन्स्टन तिच्या प्रती घेऊन लंडनला गेले व तेथे लेनन आणि मॅकार्टनी यांनी ती ऐकली. पुढील वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’वरील तिचे ऋण मॅकार्टनी यांनी वारंवार मान्य केले आहे. आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. ‘गॉड ओन्ली नोज’ हे गीत ब्रिटनमध्ये लहान तबकडीच्या पुढच्या बाजूस होते व २ ऱ्या क्रमांकास पोहोचले; अमेरिकेत ते मागच्या बाजूस होते आणि ३९ व्यावर थांबले. दोन देशांच्या अभिरुचीची तुलना करणाऱ्यांनी ही बाजू आधी तपासली पाहिजे.

सुवर्ण-प्रमाणपत्र २००० साली मिळाले, हाही अपयशाचा पुरावा मानला जातो. परंतु कंपनीने मागणी केल्यावाचून ते प्रमाणपत्र दिले जात नाही.