दूध आणि नत्र : आर्तुरी विर्तानेन यांच्या संशोधनाचा मागोवा

डिसेंबर १९४५ मध्ये स्टॉकहोम येथे फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी इल्मारी विर्तानेन यांनी जे नोबेल व्याख्यान दिले, त्याच्या शीर्षकात तीन विषय एकत्र गुंफलेले होते : नत्राचे जैविक स्थिरीकरण, शेतीतील चारा टिकविणे, आणि मानवी आहाराच्या दृष्टीने या दोहोंचे महत्त्व. पारितोषिकाच्या निवेदनात मात्र विशेष भर होता तो चारा टिकविण्याच्या पद्धतीवर. पुढे चरित्रकोशांनीही बहुधा तोच कित्ता गिरविला. परिणामी गवतावर आम्ल शिंपडावयास शिकविणारा रसायनज्ञ, एवढीच विर्तानेन यांची ओळख सामान्यतः शिल्लक राहिली. ही ओळख खोटी नव्हे, परंतु अपुरी आहे. हवेतील नत्र दुधातील प्रथिनापर्यंत कोणत्या वाटेने पोचते, वाटेत ते कोठे गळते आणि ही वाट अधिक आखूड करता येईल काय, हा एकच प्रश्न त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे निरनिराळ्या टोकांनी हाताळला. या दृष्टीने पाहिले असता त्यांच्या संशोधनातील सर्वांत महत्त्वाचे पर्व पारितोषिकानंतरचे ठरते.

विर्तानेन यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ रोजी हेलसिंकी येथे झाला. शालेय शिक्षण वीपुरी या पूर्वेकडील नगरात झाले. हे नगर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फिनलंडने गमावले आणि आज ते रशियात आहे. हेलसिंकी विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९१९ मध्ये मिळविली. तिचा विषय पाइन वृक्षाच्या राळेतील आम्ले हा होता, म्हणजे गाय आणि दूध यांपासून पुष्कळच दूरचा. त्यांना गोठ्याकडे ओढून आणले ते उपजीविकेने. वालिओ या सहकारी लोणी-निर्यात संघाच्या प्रयोगशाळेत ते रसायनज्ञ म्हणून रुजू झाले आणि १९२१ मध्ये तिचे प्रमुख झाले. मधल्या काळात झुरिक व स्टॉकहोम येथे अध्ययन झाले. स्टॉकहोमला हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांच्या सहवासात विकरांच्या रसायनशास्त्राची त्यांना गोडी लागली. पत्नी लिल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, ही गोष्टही पुढील संशोधनाच्या संदर्भात ध्यानी ठेवण्याजोगी आहे. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या जीवरसायन संशोधन संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे आले. प्राध्यापकपदे, १९४८ ते १९६३ या काळातील फिनलंडच्या अकादमीचे अध्यक्षपद वगैरे मानसन्मान पुढे क्रमाक्रमाने आले. त्यांचा तपशील येथे अप्रस्तुत आहे.

वालिओची अडचण मुळात व्यापारी स्वरूपाची होती. फिनलंडमध्ये हिवाळा दीर्घ, गुरे कित्येक महिने गोठ्यात बांधलेली, आणि त्यांच्यापुढे वाळलेले गवत. गवत वाळविताना पावसाने भिजते, पाने झडतात, कॅरोटिन नष्ट होते. अशा वैरणीवरील गायींचे लोणी पांढुरके आणि अ जीवनसत्त्वाने हीन असे निघे. दूध टिकवावयाचे तर प्रथिनयुक्त पेंड परदेशातून आणावी लागे. म्हणजे लोणी विकून आलेला पैसा पेंडीत परत जाई. या चक्रातून सुटण्याचा मार्ग शेतातच होता. क्लोव्हर, वाटाणा यांसारख्या शिंबावर्गीय वनस्पती मुळांवरील गाठींतल्या जंतूंच्या साह्याने हवेतील नत्र बांधून ठेवतात. त्यांच्यातील प्रथिन विकत घ्यावे लागत नाही. पण ते हिवाळ्यापर्यंत टिकवावयाचे कसे, हा खरा पेच होता.

खड्ड्यात ओला चारा दाबून ठेवण्याची रीत युरोपात तेव्हाही जुनीच होती. तिचे मर्म असे की, चाऱ्यातील साखरेवर लॅक्टिक जंतू वाढतात, आम्ल निर्माण करतात, आणि त्या आम्लामुळे इतर नासकारी जंतूंची वाढ खुंटते. मात्र शिंबावर्गीय चाऱ्यात साखर थोडी असते, आणि आम्लाचा प्रभाव निष्फळ करणारी द्रव्ये अधिक. पुरेसे आम्ल तयार होण्यापूर्वीच ब्युटिरिक आम्ल निर्माण करणारे जंतू बळावतात, प्रथिने अमोनियापर्यंत फुटतात, चाऱ्याला दुर्गंध येतो. त्या जंतूंची बीजुके दुधात उतरली की मोठ्या चक्क्यांचे एमेन्टाल चीज फुगून फुटते, आणि दुग्धसंघाच्या दृष्टीने ही हानी चाऱ्याच्या हानीहून कमी नव्हे. ज्या चाऱ्यात नत्र सर्वाधिक, तोच साठवणुकीस सर्वांत नालायक, अशी ही विपरीत स्थिती होती.

किण्वन हे विर्तानेन यांच्या अभ्यासाचे घरचेच क्षेत्र. आम्ल जंतूंनी करावे याची वाट पाहण्याऐवजी ते बाहेरूनच घालावे, असे त्यांनी ठरविले. ताज्या चाऱ्याच्या थरांवर सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक व सल्फ्यूरिक आम्ल शिंपडून, थर तुडवून, चाऱ्याचा पीएच्‌ तीन आणि चार यांच्या दरम्यान आणला की वनस्पतिपेशींचे श्वसन मंदावते, प्रथिनांचे विघटन थांबते आणि ब्युटिरिक किण्वन होतच नाही. चाराही गायीला खाता येतो. १९२८ च्या सुमारास ही पद्धत सिद्ध झाली आणि पुढील काही वर्षांत फिनलंडबाहेरही पसरली. हे सूत्र आज सोपे वाटते. तथापि इतके खनिज आम्ल पोटात गेल्यावर गायीच्या रक्तातील आम्ल-अल्कली समतोल ढळतो काय, दुधावर व हाडांवर काय परिणाम होतो, हे सर्व तपासावे लागले, आणि आम्लाच्या प्रतिकारासाठी खडू व सोडा खाऊ घालण्याची जोड त्या पद्धतीला द्यावी लागली.

या चाऱ्याला विर्तानेन यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘ए. आय. व्ही.’ असे नाव पडले. फिन्निश उच्चारानुसार ते ‘आ-ई-वे’ होय, आणि त्याला चारावाचक ‘रेहु’ हा शब्द जोडून झालेला समास शेतकऱ्यांच्या नित्याच्या बोलण्यात रुळला. व्यक्तिनामाचे आद्याक्षर सामान्यनामाच्या पदवीला पोचण्याचे हे एक ठळक उदाहरण. मराठीत अशा साठविलेल्या चाऱ्याला ‘मुरघास’ हा शब्द आहे. लोणचे मुरते, तसा घास मुरतो, ही त्यातील कल्पना अत्यंत नेमकी आहे. पण काटेकोर अर्थाने पाहता विर्तानेन यांचा चारा मुरत नाही. मुरणे रोखणे हाच त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. मराठी शब्द ज्या प्रक्रियेचे नाव सांगतो, नेमकी तीच येथे आम्लाने थोपविलेली असते.

पद्धतीत उणिवा होत्याच. खनिज आम्ले हाताळणे धोक्याचे, कपडे व खड्ड्यांचे सिमेंट खाऊन टाकणारे. १९६० नंतरच्या काळात त्यांची जागा क्रमशः फॉर्मिक आम्लाने घेतली. नाव मात्र तेच राहिले. लोण्याच्या बाबतीतही विर्तानेन यांनी पीएच्‌वरच बोट ठेवले. निर्यातीच्या लोण्याचा खवटपणा रोखण्यासाठी फॉस्फेट क्षार मिसळून त्यातील आम्लता कमी करण्याची युक्ती त्यांची. चाऱ्यात आम्लता वाढविली, लोण्यात घटविली, असा हा एकाच विचाराचा दुहेरी उपयोग होता.

नत्राच्या स्थिरीकरणावरील त्यांचे काम याच सुमारास चालू होते, आणि येथे त्यांच्या कीर्तीला वादाची किनार लागली. शिंबावर्गीय वनस्पतींच्या गाठींतून ॲस्पार्टिक आम्लासारखी ॲमिनो आम्ले भोवतालच्या मातीत पाझरतात, आणि शेजारच्या ओट किंवा बार्लीला त्याचा लाभ होतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्या प्रयोगशाळेत हा पाझर दिसे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील पेरी विल्सन प्रभृतींना तो तसा सातत्याने आढळेना. हायड्रॉक्सिलअमीन हा स्थिरीकरणातील मधला टप्पा असावा, ही त्यांची कल्पनाही टिकली नाही. नत्राच्या जड समस्थानिकाच्या साह्याने झालेल्या विस्कॉन्सिनमधील प्रयोगांनी अमोनियाच्या बाजूने कौल दिला. याउलट, गाठींतील तांबडे रंगद्रव्य, आजचे लेगहिमोग्लोबिन, आणि नत्र बांधण्याची गाठीची क्षमता यांचा परस्परसंबंध त्यांनी दाखविला तो टिकला. संशोधकाच्या चुका त्याच्या यशाइतक्याच त्याच्या प्रश्नाशी बांधलेल्या असतात. पाझराविषयीचा आग्रहदेखील हवेतील नत्र शक्य तितक्या थेट वाटेने पिकाला व गुरांना मिळावे या आकांक्षेतूनच आला होता.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस, वयाची साठी ओलांडल्यावर, विर्तानेन यांनी हाती घेतलेला प्रयोग या आकांक्षेचे शेवटचे टोक होय. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटातील जंतू प्रथिनेतर नत्रापासून प्रथिन घडवीत असावेत, ही सूचना झुन्ट्‌स यांनी १८९१ मध्येच केली होती. अमेरिकेतील कॉर्नेल येथे १९४९ मध्ये, नत्राचा स्रोत म्हणून केवळ यूरिया दिलेल्या मेंढ्यांच्या कोटीपोटात दहाही आवश्यक ॲमिनो आम्ले तयार होतात, असे सिद्ध झाले होते. पण मेंढी जगणे वेगळे आणि गायीने संपूर्ण वेतभर दूध देणे वेगळे. दुधातून प्रतिदिनी प्रथिन बाहेर जात असते. त्याची भरपाई केवळ जंतूंच्या कष्टावर होईल, याविषयी जाणकारांना रास्त शंका होती.

विर्तानेन यांनी गायींच्या आहारातून प्रथिन जवळजवळ सर्वस्वी काढून टाकले. शुद्ध सेल्युलोज, स्टार्च, साखर, खनिज क्षार, थोडे वनस्पती तेल, अ व ड जीवनसत्त्वे, आणि नत्रासाठी यूरिया व अमोनियम क्षार, एवढाच हा आहार होता. तो एकदम देणे शक्य नव्हते. यूरियापासून कोटीपोटात अमोनिया झपाट्याने सुटतो आणि जंतूंनी तो वेळीच उचलला नाही तर रक्तात शिरून जनावर दगावते. म्हणून प्रमाण हळूहळू, दीर्घ काळ वाढवीत नेऊन जंतूंना नव्या आहाराची सवय लावावी लागली. अशा गायी गाभण राहिल्या, व्याल्या, आणि दूध देऊ लागल्या. या दुधाला ‘शून्य दूध’ म्हटले गेले. त्याची घडण सामान्य दुधाशी जवळजवळ जुळणारी होती. १९६६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या प्रयोगांचा विस्तृत वृत्तान्त प्रसिद्ध झाला. उत्तम गायीचे वर्षाचे दूध चार हजार किलोंच्या पुढे गेले होते.

या निष्पत्तीचे मोल कशात आहे? गोठ्यात हा आहार कोणी वापरला नाही, आणि वापरणे व्यवहार्यही नव्हते. शुद्ध सेल्युलोज व स्टार्च पेंडीहून महाग पडतात. परंतु दुभती गाय माणसाच्या ताटातील प्रथिन खाल्ल्यावाचून माणसाला प्रथिन देऊ शकते, हे तत्त्व आता तर्काच्या पातळीवर राहिले नाही. वाढत्या लोकसंख्येच्या अन्नाची चिंता त्या दशकात सर्वत्र होती, आणि विर्तानेन यांनी स्वतः आपल्या प्रयोगाचा अर्थ त्याच संदर्भात लावला. भारतात १९८० च्या दशकात आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने यूरिया, मळी आणि खनिजे यांच्या चाटण-विटा प्रचारात आणल्या, त्याही कोटीपोटातील जंतूंच्या याच सामर्थ्यावर आधारलेल्या होत्या. वीट चाटून खावी लागते, म्हणजे यूरिया थोडा थोडा पोटात जातो; हेलसिंकीच्या गायींना द्यावा लागला तसाच.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. भरघोस दूध देणाऱ्या गायीला जंतूंनी घडविलेले प्रथिन पुरत नाही, कोटीपोटात न फुटता पुढच्या आतड्यात पोचणारे प्रथिनही तिला लागते, हे पुढील काळातील पोषणशास्त्राने प्रस्थापित केले. या मर्यादेची खूण खुद्द विर्तानेन यांच्या प्रयोगांतच उमटलेली होती. जड समस्थानिकाने चिन्हांकित केलेला अमोनियम क्षार गायीला दिला असता, ते नत्र दुधातील बहुतेक ॲमिनो आम्लांत उतरलेले आढळले. हिस्टिडीनमध्ये मात्र ते लक्षणीय प्रमाणात कमी होते. शून्य आहारावरील गायींच्या रक्तातही हिस्टिडीन तोकडे पडलेले दिसले. विर्तानेन यांनी ही नोंद केली, पण त्या वेळी तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

११ नोव्हेंबर १९७३ रोजी विर्तानेन निवर्तले. १९९० च्या दशकात फिनलंडमध्येच, आम्ल घालून टिकविलेल्या गवतावर पोसलेल्या गायींना निरनिराळी ॲमिनो आम्ले थेट पोटाच्या पुढील कप्प्यात सोडून कोणत्या एकाच्या अभावी दूध अडते हे तपासण्यात आले. अशा मुरघासावर गायीला सर्वांत आधी उणे पडणारे ॲमिनो आम्ल हिस्टिडीनच असल्याचे दिसून आले.