पेनिसिलीनचे पुढचे प्रकरण

पेनिसिलीनचा इतिहास आपण १९२८ साली फ्लेमिंग यांच्या बुरशी आलेल्या बशीपासून सुरू करतो आणि महायुद्धातील जखमी सैनिकांपाशी संपवतो. मुख्याध्यापक म्हणून मी तो धडा अनेक वर्षे शिकवला आहे; पण इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला त्यापुढचे प्रकरण अधिक मोलाचे वाटते.

नुसत्या तारखा पाहा. ऑक्सफर्डमध्ये उपचार म्हणून पहिल्या रुग्णाला पेनिसिलीन टोचले गेले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. पण पेनिसिलीनचा नाश करणारे विकर काही जंतूंपाशी असते, हे अब्राहम आणि चेन यांनी डिसेंबर १९४० मध्येच प्रसिद्ध केले होते. तलवार म्यानाबाहेर येण्यापूर्वीच ढाल तयार होती!

अपुरी मात्रा जंतूंना निर्ढावते, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात दिला. १९४८ पर्यंत लंडनच्या एका रुग्णालयात स्टॅफिलोकोकसचे निम्म्याहून अधिक नमुने पेनिसिलीनला जुमानेनासे झाले. १९५५ मध्ये आपल्या पिंपरीच्या कारखान्यातून पेनिसिलीन बाहेर पडू लागले, तेव्हा आपल्याला त्याचे केवढे अप्रूप! विलायतेत मात्र त्याचा प्रभाव ओसरू लागला होता.

तोडगा बीचम कंपनीच्या संशोधकांनी काढला. १९५७ मध्ये त्यांनी पेनिसिलीनच्या रेणूचा गाभा वेगळा केला. त्याला एक अवजड शाखा जोडताच जंतूचे विकर गाभ्यापर्यंत पोहोचेना. हेच मेथिसिलीन. १९६० मध्ये ते बाजारात आले आणि जानेवारी १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही दाद न देणाऱ्या जंतूंचे वृत्त छापले. पाच हजारांहून अधिक नमुन्यांत असे तीनच होते. हे जंतू औषध मोडीत नव्हते. औषध ज्या प्रथिनाला पकडते, त्याच्या जागी त्यांच्यापाशी निराळेच प्रथिन होते. २०१७ मधील एका जनुकीय अभ्यासाने तर हा गुण १९४० च्या दशकातच आला असल्याचे दाखवले. मेथिसिलीन जन्मण्याआधी, पेनिसिलीनच्याच सरसकट वापराने त्याला रान मोकळे करून दिले होते.

मेथिसिलीन आज वापरात नाही. ‘एमआरएसए’ या जंतूच्या नावातील एका अक्षरापुरते ते उरले आहे. साध्या पडशाला प्रतिजैविक मागणाऱ्याने आणि बरे वाटताच गोळ्या अर्ध्यावर सोडणाऱ्याने हा इतिहास जरूर वाचावा. दुबळे जंतू मारून चिवट जंतूंची निपज आपणच करीत असतो.