मेंदूतील ‘आक्रमकतेचे केंद्र’ : एका संकल्पनेचा इतिहास

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत रेल्वे व रस्ते प्रकल्पांमुळे विस्थापित झालेली कुटुंबे राहतात. ‘तिकडची मुले मुळातच मारकुटी’ हा शेरा प्राध्यापकांच्या गप्पांतही कानी येतो. त्यातील ‘मुळातच’ या शब्दाला विज्ञानाचाही एक इतिहास आहे. त्याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

झुरिक येथील वॉल्टर हेस यांनी जागृत मांजरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये बारीक तारांमधून विद्युत्प्रवाह सोडला असता शांत मांजर फिस्कारून अंगावर येई. मेंदूच्या या भागावरील संशोधनासाठी हेस यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक लाभले. त्याच पारितोषिकाचे दुसरे मानकरी एगास मोनिझ हे मनोरुग्णांच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेचे प्रवर्तक होते, हा योगायोग बोलका आहे.

डेट्रॉईटच्या दंगलीनंतर, १९६७ मध्ये मार्क, स्वीट व एर्विन या बॉस्टनच्या डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पत्र लिहिले. दारिद्र्य तर सर्वांनाच आहे, मग झोपडपट्टीतील मोजकेच लोक हिंसक का होतात, त्यांच्या मेंदूत दोष असेल काय, असा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे मद्रास येथे बालसुब्रमण्यम, कनक व राममूर्ती यांनी आक्रमक व अतिचंचल रुग्णांच्या अॅमिग्डला व हायपोथॅलॅमसमधील लहान भाग नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. या रुग्णांत मुलेही होती. डॉक्टरांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुलाची संमती कोणी द्यायची, हा प्रश्न मात्र उरतोच.

उंदरांवरील अलीकडच्या प्रयोगांनी ‘केंद्रा’ची कल्पनाच गुंतागुंतीची केली. २०११ मध्ये दायू लिन, डेव्हिड अँडरसन व सहकाऱ्यांनी हायपोथॅलॅमसच्या व्हेंट्रोमेडियल केंद्रकातील पेशी प्रकाशाने उत्तेजित केल्या. नर उंदीर मादीवर, खच्ची केलेल्या नरावर, इतकेच नव्हे तर हवा भरलेल्या हातमोज्यावरही तुटून पडला. परंतु भांडणात जागृत असणाऱ्या कित्येक पेशी समागमाच्या वेळी दबून जात असल्याचेही आढळले. पुढे २०१४ मध्ये याच भागातील इस्ट्रोजेन-ग्राहक असणाऱ्या पेशींवर मंद प्रकाश टाकला असता नर समागमाचा प्रयत्न करी, तर प्रकाश तीव्र केला असता हल्ला करी. एकाच पेशीसमूहाचा दोन्ही वर्तनांशी संबंध असेल, तर त्याला हिंसेचे केंद्र म्हणणे कितपत योग्य?

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे संशोधन रेमेडिओस व सहकाऱ्यांचे, २०१७ मधील आहे. अननुभवी नराच्या या भागात नर व मादी यांना प्रतिसाद देणारे पेशीसमूह बहुतांशी एकमेकांत मिसळलेले होते. सामाजिक व लैंगिक अनुभवानंतरच ते हळूहळू विलग झाले. केवळ हुंगू दिले, पण समागम वा हल्ला करू दिला नाही, तेव्हा हे विलगीकरण घडले नाही. याउलट मादीबरोबरचा अर्ध्या तासाचा लैंगिक अनुभव त्यासाठी पुरेसा ठरला, आणि चोवीस तासांनंतर समोर आलेल्या नरावर तोच उंदीर हल्ला करू लागला.